विंचवाचें बिऱ्हाड आणि हिंवाळा

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण बहुधा थट्टेनें किंवा कींवेनें वापरतों. ज्याला स्वतःचें छप्पर नाहीं, जो आज येथें तर उद्यां तेथें, अशा माणसाविषयीं आपल्या पांढरपेशा घरांत फारसा आदर नसतो. मुलीसाठीं स्थळ पाहतांना ‘घर स्वतःचें आहे ना?’ हा प्रश्न आजहि पहिल्या पांचांत असतो. आम्हीहि याच संस्कारांत वाढलेलों. म्हणून आमच्या भाचीनें जेव्हां अमेरिकेंतून कळविलें कीं, तिनें व तिच्या यजमानांनीं भाड्याची जागा सोडून चाकांवरच्या घरांत संसार थाटला आहे आणि येता हिंवाळाहि त्यांतच काढावयाचा आहे, तेव्हां आमच्या भगिनीच्या डोळ्यांस पाणी आलें आणि आमच्या कपाळाला आठ्या पडल्या.

भगिनी म्हणाली, “दादा, तूं आणि वहिनी तिकडे जाणारच आहांत. तिला चार गोष्टी समजावून सांग, आणि पक्क्या भिंतींच्या घरांत बसवून मगच परत ये.” मामाच्या शब्दाला भाचीपाशीं वजन असतें, असा आपल्याकडे समज आहे. तो कितपत खरा, हें पाहण्याचा योग आम्हांस आला. ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत आम्ही उभयतां त्या चाकांवरच्या घरांत राहिलों. आज येथें जें लिहीत आहों, त्यांतील कांहीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, कांहीं हातांनीं केलें, आणि एक गोष्ट स्वतःच्या मूर्खपणानें शिकलों.

प्रथम स्थळ. मोंटाना राज्यांतील बोझमन हें गांव रॉकी पर्वताच्या कुशींत, समुद्रसपाटीपासून सुमारें ४,८०० फुटांवर आहे. आपलें महाबळेश्वर उंचीनें याहून थोडेंच कमी. परंतु बोझमन विषुववृत्तापासून जवळजवळ ४६ अंश उत्तरेस असल्यामुळें तेथला हिंवाळा निराळ्याच जातीचा. डिसेंबरांत दिवस पावणेनऊ तासांचाहि नसतो, आणि रात्रीं पारा उणे दहा-बारा अंश सेल्सिअसला टेकणें ही तेथें नित्याची गोष्ट समजली जाते. थंडीची लाट आली म्हणजे तो उणे तिसाच्याहि खालीं जातो. याच राज्यांत रॉजर्स पास या खिंडीजवळ २० जानेवारी १९५४ रोजीं उणे ५७ अंशांची नोंद झाली होती. अलास्का वगळल्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील तो नीचांक आजहि कायम आहे.

अशा मुलुखांत ट्रेलरमध्यें राहावयाचें तें कां? भाची परिचारिका आहे. तिकडील रुग्णालयें बहुधा तेरा-तेरा आठवड्यांच्या करारानें फिरत्या परिचारिका नेमतात. करार संपला कीं नवें गांव. दर खेपेस घर शोधा, अनामत भरा, सामान हलवा, यापेक्षां घरच बरोबर न्यावें हा हिशेब तिनें मांडला. शिवाय २०२० नंतर बोझमनांत घरांचीं भाडीं इतकीं चढलीं कीं, नोकरी असूनहि अनेक कुटुंबें मोटारींत व ट्रेलरांत रस्त्याच्या कडेला राहूं लागलीं. त्या मुक्कामाला मुदत घालणारा नियम २०२३ सालीं तेथील नगरपालिकेनें केला. हा प्रकार एकट्या बोझमनचा नव्हे. नॉर्थ डकोटा राज्यांत विलिस्टन गांवाभोंवतीं तेलाच्या विहिरींचें काम जोरांत असतांना, २०१० नंतरच्या कांहीं वर्षांत, कित्येक कामगारांनीं अशाच घरांत कडक हिंवाळे काढले. २००८ च्या मंदीनंतर घरादाराला मुकलेल्या वृद्धांच्या फिरत्या जीवनावर जेसिका ब्रूडर या बाईंनीं ‘नोमॅडलँड’ हें पुस्तक २०१७ मध्यें लिहिलें. त्यावरील चित्रपटाला २०२१ सालीं ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. तेव्हां हौसेनें फिरणारे आणि नाइलाजानें फिरणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक एकाच आवारांत शेजारी शेजारी नांदत असतात, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आमच्या भाचीचें घर बत्तीस फूट लांब व आठ फूट रुंद. म्हणजे चाळींतल्या दोन खोल्यांची जागा. त्यांत निजण्याची खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, बसावयाचा कोंच, आणि कपाटाच्या वरच्या फळीवर चार बोटें उंचीचे देव. भिंत मात्र जेमतेम दोन इंच जाडीची. ‘चारी ऋतूंचें घर’ असा शिक्का विक्रेते अशा कांहीं घरांवर मारतात. परंतु त्या शब्दाची एकच ठरलेली कसोटी नाहीं. मूळ ही वाहनें उन्हाळ्यांतील सहलीसाठीं केलेलीं. हिंवाळ्यांत राहावयाचें तर घराला पुन्हां एकदां आपल्या हातांनीं घडवावें लागतें. तें काम नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत उरकावें लागतें. कारण पुढें गोठलेल्या जमिनींत खुंटीहि ठोकतां येत नाहीं.

पहिलें काम घराच्या पायाचें. ट्रेलर जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच असतो, आणि खालून वारा सारखा वाहतो. घराची तळभुई गार पडते, आणि पाण्याच्या नळ्या व टांक्या तेथेंच असतात. म्हणून चोहोंबाजूंनीं, घराच्या कडेपासून जमिनीपर्यंत, दोन इंच जाडीच्या फेसाळ पट्ट्यांचा आडोसा करतात. सांधे चिकटपट्टीनें बंद करतात व खुंट्या ठोकून तो वाऱ्यापासून सांभाळतात. आमच्या बालपणीं कोंकणांत आगोटीच्या आधीं नारळीच्या झावळ्यांचे झाप विणून पडवीला बांधीत, त्याची आम्हांस आठवण झाली. तेथें पावसाची झड अडवावयाची, येथें वाऱ्याची, तत्त्व तेंच. कांहीं लोक गवताच्या पेंढ्या रचतात. पण त्यांत उंदीर शिरतात आणि आगीचेंहि भय असतें, म्हणून भाचीनें तें टाळलें. गंमत अशी कीं, पुढें बर्फ पडूं लागल्यावर तिनें तेंच फावड्यानें ओढून या आडोशाला बाहेरून लावलें. भुसभुशीत बर्फांत हवा कोंडलेली असते, त्यामुळें तें दुलईसारखें काम करतें. थंडीनेंच थंडी अडवावी, हें आम्हीं प्रथमच पाहिलें.

दुसरें काम पाण्याचें. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्के फुगतें, हें आपण शाळेंत शिकतों आणि विसरून जातों. तिकडे तें विसरणाऱ्याची नळी फुटते. आवारांतील नळापासून घरापर्यंतच्या नळीला विजेनें तापणारी तार गुंडाळावी, वर फेसाळ वेष्टन घालावें. आणि थंडीची लाट येणार असें कळलें कीं, घरांतील टांकी भरून घेऊन बाहेरची नळी सोडवून रिकामी करून आंत ठेवावी. रात्रीं मोरीखालच्या कपाटाचीं दारें उघडीं टाकावीं, म्हणजे घरांतली ऊब नळ्यांपर्यंत पोहोंचते. सांडपाण्याच्या टांक्यांखालीं तापणाऱ्या गाद्या बसविलेल्या असतात. या टांक्यांविषयीं भाचीनें स्वतःची फजिती सांगितली. नवशिकी असतांना तिनें सांडपाण्याची चावी सदा उघडी ठेवली. म्हटलें, पाणी आपोआप जात राहील. परंतु थेंब थेंब वाहणारें पाणी नळींतच गोठत गेलें, आणि चार दिवसांनीं नळीचा बर्फाचा सोटा झाला. तेव्हांपासून चावी बंद. टांकी भरत आली कीं, एकदम सोडावी, म्हणजे पाणी गोठण्यापूर्वींच निघून जातें. जें घर हिंवाळ्यांत रिकामें ठेवावयाचें, त्याच्या नळ्यांत गुलाबी रंगाचें न गोठणारें द्रव भरतात. तें प्रोपिलीन ग्लायकॉलचें असावें. मोटारीच्या इंजिनांत बहुधा घालतात तें एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. पिण्याच्या नळ्यांत तें कदापि जातां कामा नये.

तिसरें काम उबेचें. भट्टी गॅसवर चालते. आपल्या घरगुती सिलिंडरांत प्रोपेन व ब्यूटेन यांचें मिश्रण असतें. ब्यूटेन शून्य अंशाच्या जरासें खालीं गेलें कीं वायुरूप होणें सोडून देतें. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतें. म्हणून तिकडे निव्वळ प्रोपेन. ट्रेलरवरील सिलिंडरांत ३० पौंड, म्हणजे सुमारें साडेतेरा किलो गॅस मावतो, आपल्याकडील १४.२ किलोंच्या सिलिंडराचाच तो सख्खा भाऊ. आपल्या घरीं तो महिनाभर पुरतो. तेथें भट्टी अखंड जळली तर दिवसभरहि पुरत नाहीं. थांबत थांबत जळते म्हणून कडाक्यांत दोन-तीन दिवस निभतात. जांवई दर तिसऱ्या दिवशीं सिलिंडर भरावयास नेत, तें पाहून आमच्या गृहिणीनें पुण्यांतील आपला गॅस किती स्वस्ताईनें जळतो, याचा हिशेब मनांतल्या मनांत मांडला असावा. कारण त्या दिवसापासून भात भिजत घातल्याखेरीज तिनें शिजवावयास लावला नाहीं.

विजेच्या शेगड्याहि असतात. परंतु विजेलाहि मर्यादा. त्यांच्या घराला ३० अँपिअरची जोडणी होती. १२० व्होल्टनें ती ३,६०० वॅट होते. एक लहान शेगडी १,५०० वॅट खाते. दोन लावल्या कीं, उरलें काय? पहिल्याच आठवड्यांत आम्हीं दोन शेगड्या चालू असतांना चहासाठीं विजेची किटली लावली आणि घर अंधारांत बुडालें. बाहेर उणे चौदा अंशांत जाऊन जांवयांनीं बटण वर केलें, आणि आंत येऊन हसत म्हणाले, “मामा, येथें प्रत्येक चहाचा अर्थसंकल्प मांडावा लागतो.”

चवथें काम आमच्या कल्पनेंतहि नव्हतें; तें वाफेचें. थंडीच्या देशांत ओलाव्याची भीति कशाला, असें आम्हांस वाटे. परंतु बंद घरांत चार माणसांचा श्वास, स्नानाची वाफ, वरणभाताच्या कुकरच्या शिट्या, हें सर्व जावें कोठें? तें गार भिंतीवर व कांचेवर जाऊन पाणी होतें आणि रात्रीं त्याचा बर्फ होतो. आमच्या गृहिणीनें सवयीप्रमाणें घरांत दोरी बांधून दोन पातळें वाळत घातलीं. दुसऱ्या दिवशीं पातळें वाळलीं खरीं, पण खिडकीच्या चौकटींतून पाणी ओघळत होतें. गादीखालीं पाहिलें तर फळी ओली व तिच्यावर काळसर बुरशी. मग गादीखालीं पट्ट्यांची जाळी घातली, म्हणजे खालून हवा खेळते. खिडक्यांना आंतून पातळ पारदर्शक कागद ताणून लावला, म्हणजे कांच व कागद यांच्यामध्यें हवेचा थर राहतो. हवेंतील ओल ओढणारें यंत्र कोपऱ्यांत बसविलें. आणि भाचीचा नियम असा कीं, कितीहि थंडी असो, स्वयंपाक चालू असतांना छताचा झरोका दोन बोटें उघडा व पंखा सुरूं. “एवढी ऊब करावयाची आणि ती बाहेर घालवावयाची?” असें आम्हीं विचारलें. तिनें कागदावर हिशेब मांडून दाखविला: एक किलो प्रोपेन जळलें कीं सुमारें १.६ किलो पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. भट्टीचा धूर व वाफ नळीवाटे घराबाहेर जातात. चुलीचा सर्व प्रसाद घरांतच राहतो.

या चुलीपाशींच आमची गोष्ट येते. भाचीनें पहिल्या दिवशींच आम्हां दोघांस बसवून सांगितलें होतें, “मामा, वीज गेली तर सगळीं पांघरुणें अंगावर घ्या, मला फोन करा, शेजारच्या आजोबांचें दार वाजवा. पण ऊब म्हणून चूल पेटवूं नका.” आम्हीं मान डोलविली. चूल पेटवून हात शेकणें हें आमच्या पिढीला इतकें स्वाभाविक कीं, त्या मनाईचा अर्थ आमच्या मनांत उतरलाच नाहीं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत थंडीची लाट आली. भाची रात्रपाळीला, जांवई कामासाठीं परगांवीं गेलेले. पारा उणे २९. रात्रीं दीड वाजतां वाऱ्यानें तारा तुटल्या आणि सबंध आवाराची वीज गेली. भट्टी गॅसची असली तरी तिचा पंखा बॅटरीच्या विजेवर फिरतो, आणि थंडींत बॅटरीची शक्ति खचते. तिची बॅटरी जुनी. तीन वाजतां पंखा रडकुंडीला येऊन थांबला. अर्ध्या तासांत घर असें गार झालें कीं, श्वास दिसूं लागला. दोघेंहि साठी उलटलेलीं; दांत वाजूं लागले. फोन करावा तर भाची रोग्यांच्या सेवेंत. शेजाऱ्याला उठवावें तर रात्रीचे साडेतीन, आणि परका माणूस. आपल्या लोकांना एक रोग आहे, त्याचें नांव भीड. त्या भिडेनें आम्हीं दोन्ही दारें सोडून तिसरें उघडलें. चुलीच्या तिन्ही शेगड्या पेटविल्या. झरोक्यांत उशी कोंबलेली, खिडक्यांवर कागद ताणलेला, दारांच्या फटींत चिंध्या; ऊब कोंडण्याची सर्व सिद्धता तर आम्हींच केलेली.

खोली लौकरच उबदार झाली. आम्हीं समाधानानें डोळे मिटले. थोड्या वेळानें गृहिणी म्हणाली, “डोकें फार जड झालें आहे हो.” आमचेंहि झालें होतें. आम्ही म्हटलें, जाग्रणानें होतें. इतक्यांत भिंतीवरची एक लहानशी पांढरी डबी कर्कश ओरडूं लागली. लिहितांना लाज वाटते, पण पहिली हालचाल आम्हीं केली ती तिचा आवाज बंद कसा करावा हें पाहण्याची! गृहिणीनें मात्र दार उघडलें. बाहेरचा वारा सुरीसारखा आंत आला. आवाज ऐकून शेजारचे आजोबा विजेरी घेऊन धांवत आले. सत्तरीचे गृहस्थ, जन्मभर सुतारकाम केलेले. एक शब्द न बोलतां त्यांनीं शेगड्या विझविल्या, झरोक्यांतील उशी ओढून काढली, दोन्ही दारें सताड उघडलीं आणि आम्हां दोघांस आपल्या ट्रकमध्यें नेऊन बसविलें. मग आपलें लहान जनित्र आणून घरापासून वीस फुटांहूनहि दूर ठेवलें, आणि लांब तार ओढून आमची भट्टी सुरूं करून दिली. तें इतकें दूर कां, असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, “त्याच्या धुरांतहि तेंच आहे, ज्यानें आतां तुम्हांला नेलें असतें.”

भाची सकाळीं साडेसातला आली. रागावली नाहीं. तिनें आम्हांस तसेंच रुग्णालयांत नेलें आणि रक्त तपासविलें. बोटाला लावावयाचें यंत्र पाहून आम्ही म्हटलें, “हें तर ९८ दाखवितें आहे.” ती म्हणाली, “मामा, याला प्राणवायू आणि हा विषारी वायू यांतला भेदच कळत नाहीं. म्हणून रक्तच पाहावें लागतें.” धोका टळला होता. परत येतांना मोटारींत ती इतकेंच म्हणाली, “थंडी माणसाला जागें करते, मामा. हा वायू निजवितो.”

त्या वायूचें नांव कार्बन मोनॉक्साइड. कोणतेंहि इंधन पुरेशा हवेअभावीं अर्धवट जळलें कीं, तो उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक जोरानें चिकटतो. मग श्वास चालू असूनहि शरीर गुदमरतें. डोकें दुखणें, मळमळ, ग्लानि, हींच त्याचीं लक्षणें. आणि तीं सर्दीतापासारखीं भासत असल्यामुळें माणूस निजून राहतो. हिंवाळ्यांतील घरांत त्याची सूचना देणारें यंत्र निजण्याच्या जागेजवळ असावें आणि त्यावर छापलेली मुदत संपतांच बदलावें. गॅसगळतीची सूचना देणारें यंत्र निराळें. प्रोपेन हवेहून जड असल्यामुळें तें जमिनीलगत बसवितात. भट्टीची धुराची नळी बर्फानें बुजली तरी हाच अनर्थ होतो. म्हणून बर्फ पडल्यावर पहिलें फावडें त्या नळीपाशीं, नंतर वाटेवर. ही शिस्त आम्हांस त्या दिवसानंतर कोणी शिकवावी लागली नाहीं.

त्याच आठवड्यांत नवी बॅटरी आली आणि तिच्या जोडीला दुसरीहि. रिकामी झालेली शिशाची बॅटरी शून्याखालीं थोड्याच अंशांवर गोठून फुटते, भरलेली सहसा गोठत नाहीं. आणि नव्या लिथियमच्या बॅटऱ्या शून्याखालीं असतांना भरूं नयेत, नाहींतर त्या बिघडतात. हें सर्व भाचीला पूर्वींच ठाऊक होतें. खर्चासाठीं तिनें नवी बॅटरी एक हिंवाळा पुढें ढकलली होती. “चूक माझीहि आहे,” असें ती म्हणाली, तेव्हां आम्हांस अधिकच ओशाळें वाटलें.

संक्रांतीला त्या घरांत तिळगूळ झाला. गृहिणीनें पहिली वाटी शेजारच्या आजोबांना नेऊन दिली. ते स्वतः कां तेथें राहतात, हें तेव्हां कळलें. पत्नीच्या आजारपणांत त्यांचें घर गेलें होतें. भाचीचें चाकांवरचें घर ही तिची निवड होती. आजोबांची ती निवड नव्हती. दोन्ही घरांभोंवतीं बर्फ मात्र सारखेंच साचलें होतें, आणि दोन्ही घरांतील माणसें एकमेकांचीं दारें रात्रीं-अपरात्रीं वाजवूं शकत होतीं. पुण्यांत आमच्या इमारतींत पंधरा वर्षें राहूनहि समोरच्या बिऱ्हाडाचें दार रात्रीं साडेतीनला वाजविण्याचें धैर्य आम्हांस झालें असतें काय, हा प्रश्न आम्हीं स्वतःला विचारला. उत्तर समाधानकारक आलें नाहीं.

परतल्यावर भगिनी भेटावयास आली. “समजावलेंस का तिला?” हा पहिला प्रश्न. आम्हीं सांगितलें कीं, समजावयास गेलों होतों, समजून आलों. तें घर धोक्याचें नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्यांतील प्रत्येक धोका तुझ्या मुलीला नांवानिशीं ठाऊक आहे, आणि त्या रात्रीं त्या घरांत सर्वांत मोठा धोका होता तो तुझा भाऊ. तिनें सर्व हकीकत ऐकली. मग बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. जातांना मात्र म्हणाली, “उद्यां सकाळीं माझ्याकडे ये. आमच्या न्हाणीघरांतला गॅसचा गीझर जरा पाहून दे. तेथली खिडकी आम्हीं वारा येतो म्हणून कायमची बंद केली आहे.”

वाचकहो, बोझमनची थंडी आपल्या वांट्यास येणार नाहीं. परंतु बंद न्हाणीघरांत गॅसच्या गीझरमुळें गुदमरून तरुण मुलें-मुली दगावल्याच्या बातम्या मुंबई-पुण्याकडील वर्तमानपत्रांत आपण वाचल्या आहेत. आणि वाचून पान उलटलें आहे. तो वायू हाच. आपला गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसविलेला आहे काय? तसें शक्य नसेल तर त्याचा धूर नळीवाटे घराबाहेर जातो काय? खिडकी उघडी असते काय? थंडीच्या दिवसांत बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून कोणी निजतें काय? सूचना देणारी ती पांढरी डबी आतां आपल्याकडेहि मिळते. एखाद्या सणाची खरेदी थोडी कमी केली तर ती सहज घेतां येईल.

आम्ही दुसऱ्या दिवशीं भगिनीकडे गेलों. खिडकीचे खिळे गंजले होते, ते काढावयास अर्धा तास लागला. वारा आंत आला, तेव्हां तिच्या धाकट्या नातवानें तक्रार केली कीं, आंघोळीला थंडी वाजते. भगिनीनें त्याला जवळ घेतलें आणि म्हणाली, “वाजूं दे हो.”